ज्याचे त्याचे दप्तर

शास्त्रपाठ : १ शमुवेल ३:१-१८, गलतीकरांस पत्र ६:१-५



धारवाडला आपल्या भागात विद्याकाशी म्हणतात. सकाळच्या वेळी हुबळी-धारवाड रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले की हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. बसमध्ये, रिक्षात, दुचाकीवर वडिलांच्या पुढे नि आईच्या मागे, जिकडे पाहावे तिकडे गणवेश आणि दप्तरे. सायंकाळी तीच दप्तरे घरी परत येतात आणि घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो : "गृहपाठ झाला का?"

प्रश्न साधा आहे. परंतु ह्या एका प्रश्नावरून घरात जितकी रडारड, आदळआपट आणि पतिपत्नींची बोलाचाली होते तितकी दुसऱ्या कशावरून क्वचितच होत असेल. कित्येक घरांतून कौटुंबिक प्रार्थनेची वेळ टळते ती ह्याच प्रश्नापायी. म्हणून ह्या महिन्यात आपण देवाच्या वचनाच्या प्रकाशात एवढ्याच गोष्टीचा विचार करू : मुलांच्या गृहपाठात आईबापांनी किती हात घालावा?

कोणी म्हणेल, हा विषय शाळेचा आहे, मंडळीचा नव्हे. पण अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाने आपल्या वचनाचे शिक्षण कोठे नेऊन ठेवले आहे ते पाहा. घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. म्हणजे मंदिराच्या पायऱ्यांपेक्षा घराचा उंबरठा त्याने अधिक महत्त्वाचा मानला. पिता कसा असतो हे मूल प्रथम घरातच शिकते. वहीवर वाकलेल्या मुलाच्या शेजारी आपण कसे बसतो, हीसुद्धा त्याच्यापुढे दिलेली एक साक्षच आहे.

आपल्या दोन्ही शहरांतील मराठी मंडळीतली दोन घरे डोळ्यांपुढे आणा. कोणा एका कुटुंबाविषयी आम्ही बोलत नाही. अशी घरे प्रत्येक गल्लीत आहेत.

पहिल्या घरात वडील शिकलेले, नोकरी चांगली. मुलगा सहावीत आहे. वडील कचेरीतून आले की मुलाची वही हातात घेतात. गणित अडले की पेन्सिलही घेतात. निबंध सांगून लिहवितात. विज्ञानाचा तक्ता करावयाचा असला तर रात्री अकरापर्यंत स्वतः कातरकाम करतात आणि मूल तोवर झोपी गेलेले असते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या तक्त्याला शाबासकी मिळते.

दुसऱ्या घरात आई चौथी शिकलेली, तीही मराठीतून, महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात. लग्न होऊन इकडे आली. मुलगी कन्नड शाळेत जाते. तिच्या वहीतले एकही अक्षर आईला लागत नाही. म्हणून आई ती वही कधी उघडतच नाही. "मला काय कळतंय त्यातलं? तुझं तू बघ," असे म्हणून ती भाकरी थापावयास बसते. मुलीलाही हळूहळू वाटू लागते की, आईला काही कळत नाही.

पहिल्या घरात मुलाचा गृहपाठ बापाचा झाला आहे. दुसऱ्या घरात तो केवळ मुलीचा राहिला आहे. दोन्ही घरांत प्रेम आहे, कष्ट आहेत. मग चुकते कोठे?

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तीनच वचनांच्या अंतराने पौल दोन गोष्टी सांगतो आणि प्रथमदर्शनी त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की, एकमेकांच्या ओझ्यांना खांदा द्या. ख्रिस्ताचा नियम पाळणे ते हेच. पाचव्या वचनात तो म्हणतो की, ज्याचे ओझे त्यानेच वाहिले पाहिजे. मग खांदा द्यावा की देऊ नये? मूळ ग्रीक भाषेत पाहिले असता उलगडा होतो. पहिल्या ठिकाणी 'बारोस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ जड वजन, माणसाला चिरडून टाकील असा भार. दुसऱ्या ठिकाणी 'फोर्तिओन' हा शब्द आहे. तो शिपायाच्या पाठीवरच्या गाठोड्यासाठी किंवा गलबतातल्या मालासाठीही वापरीत. ज्याने त्याने वाहावयाचे, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले ते सामान. आपला प्रभू आपले ओझे हलके आहे असे मत्तयाच्या अकराव्या अध्यायात सांगतो तेव्हा हाच दुसरा शब्द येतो.

तेव्हा पौलाचे म्हणणे असे की, चिरडणारा भार वाटून घ्या, पण माणसाचे स्वतःचे गाठोडे त्याच्या पाठीवरून काढून घेऊ नका. ते काढून घेतले तर त्याची पाठ कधी मजबूत व्हावयाची नाही. मुलांच्या गृहपाठाविषयीचे सर्व शहाणपण ह्या दोन शब्दांतला फरक ओळखण्यात आहे. वही हे मुलाचे गाठोडे आहे. पण त्या वहीसोबत जी भीती येते, जो एकटेपणा येतो, न समजणारी भाषा येते, तो भार आहे. पहिल्या घरातील बापाने गाठोडे काढून घेतले. दुसऱ्या घरातील आईने भार तसाच राहू दिला.

आता हा फरक व्यवहारात कसा पाळावा? त्यासाठी आपण शिलोच्या मंदिरात जाऊ या.

शमुवेल तेथे निजला आहे. रात्र आहे. त्याला हाक ऐकू येते आणि तो धावत एलीकडे जातो. एकदा नव्हे, तीनदा. शास्त्र सांगते की, शमुवेलाला अद्याप परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. म्हणजे त्याच्यापुढे आलेला धडा त्याला अगदी नवा होता. आणि एली? त्याची दृष्टी मंद झाली होती. त्याला दिसत नव्हते. ह्या म्हाताऱ्याने त्या रात्री चार गोष्टी केल्या.

पहिली : त्याने मुलाला आपल्याजवळ येऊ दिले. रात्रीतून तीनदा झोपमोड झाली, पण तो खेकसला नाही. मूल अडले की कोणाकडे धावत जाते, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. पहिल्याच वेळी "एवढंही येत नाही?" असा धपाटा बसला तर दुसऱ्या वेळी ते येणार नाही. ते मित्राच्या वहीतून उतरून काढील, नाहीतर मोबाइलला विचारून लिहील.

दुसरी : उत्तर कसे द्यावे हे त्याने सांगितले, पण उत्तर स्वतः दिले नाही. तो याजक होता, देवाशी कसे बोलावे हे त्याला ठाऊक होते. "थांब, मीच बोलतो," असे तो म्हणू शकला असता. तो तसे म्हणाला नाही. हाक शमुवेलाला आली होती.

तिसरी : त्याने मुलाला त्याच्या जागी परत पाठविले. आपल्या अंथरुणापाशी ठेवून घेतले नाही. मदत झाली की मुलाने आपल्या जागी जाऊन उरलेले काम एकट्याने करावयाचे, हे त्यात आले.

चौथी : सकाळी त्याने विचारले. काय झाले, काय ऐकलेस, मजपासून लपवू नको. आणि मुलाने जे सांगितले ते कडू होते, एलीच्याच घराविरुद्ध होते, तरी त्याने ते ऐकून घेतले.

बंधुभगिनींनो, जवळ येऊ देणे, वाट दाखविणे, परत पाठविणे आणि नंतर विचारणे. आईबापांचा हात किती असावा, ह्याचे माप आम्हांस ह्याहून चांगले कोठे आढळलेले नाही. आणि हे सर्व एका अशा माणसाने केले, की ज्याला दिसत नव्हते. ज्या आईला कन्नड अक्षर दिसूनही कळत नाही, तिने एलीकडे पाहावे. वाचता येत नसले तरी जवळ येऊ देता येते. उत्तर येत नसले तरी विचारता येते. "आज काय शिकवलं ते मला मराठीत सांग," असे म्हटले की मुलगी धडा वाचील, त्याचा अर्थ आपल्या भाषेत लावील आणि आईला शिकवील. जे दुसऱ्याला समजावून सांगता येते तेच खरे आपल्याला समजलेले असते. ह्या आईला पाटीपेन्सिलीची गरज नाही. भाकरी थापता थापताही तिला हे करता येईल.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला एक आई चांगली ठाऊक असावयास हवी. पंडिता रमाबाईंची आई लक्ष्मीबाई डोंगरे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील रानात झाला. हे स्थान आपल्याच कर्नाटकात, सह्याद्रीत, तुंगा व भद्रा ह्या नद्यांच्या उगमाजवळ आहे. स्त्रियांना संस्कृत शिकविणे पाप समजले जात असताना अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीला ते शिकविले, आणि पुढे त्या पत्नीने आपल्या मुलीला. घरदार सोडून तीर्थयात्रा करीत फिरणारे ते कुटुंब होते. ना शाळा, ना फळा. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष प्रसिद्ध केली. तीत त्या सांगतात की, आपण सुमारे आठ वर्षांच्या असल्यापासून पंधराव्या वर्षाच्या सुमारापर्यंत आईने आपल्याला शिकविले. आणि त्या शिकविण्याचे फळ त्या काय सांगतात? अमुक ग्रंथ पाठ झाले, एवढेच नव्हे. आपल्या मनाला असे वळण मिळाले की, पुढचे शिक्षण दुसऱ्यांच्या फारशा मदतीवाचून आपले आपल्याला करता आले, हे त्या आवर्जून सांगतात.

हे वाक्य प्रत्येक ख्रिस्ती आईने मनात ठेवावे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले. आई जर रोज मुलीच्या वतीने उत्तर देत राहिली असती तर त्या दिवशी मुलीजवळ काय उरले असते? आई गेली, पण आईने दिलेले वळण राहिले. त्याच वळणावर पुढे मुक्ती मिशन उभे राहिले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर झाले. आपली मदत उद्या कमी लागावी म्हणून आज केलेली मदत, तीच खरी मदत.

आता पहिल्या घराकडे वळू. तेथील बापाचा हेतू वाईट नाही. पण त्याच्या हातून दोन अपाय होत आहेत.

एक अपाय सत्याला होत आहे. गृहपाठ कशासाठी असतो? मुलाला काय समजले नाही, हे शिक्षकाला कळावे म्हणूनही तो असतो. आपल्या मुलांचेच उदाहरण घ्या. मराठीत 'ए' आणि 'ओ' ह्यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार नाहीत, कन्नडमध्ये आहेत. त्यामुळे मराठी घरातील मूल कन्नड लिहिताना ह्या मात्रांत हमखास चुकते. ती चूक म्हणजे शिक्षकाला मुलाने पाठविलेली चिठ्ठीच होय : "बाई, मला येथे अडते." ती चूक आपण घरी खोडून वही स्वच्छ करून पाठविली तर आपण ती चिठ्ठीच फाडली. शिक्षिका समजते की मुलाला सर्व येते आणि पुढच्या धड्याला लागते. परीक्षेच्या खोलीत मूल एकटे असते आणि तेथे वडिलांचा हात पोहोचत नाही.

आणि तक्त्याला मिळालेली ती शाबासकी? मुलाला ठाऊक असते की, तक्ता आपण केलेला नाही. वर्गापुढे उभे राहून ते गप्प राहते. त्या गप्प राहण्यात ते काय शिकते ह्याचा विचार करा. आजकाल तयार तक्ते आणि तयार प्रतिकृती दुकानात मिळतात, आणि निबंध तर मोबाइल क्षणात लिहून देतो. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण मुलांकडून रविवारी पाठ करून घेतो आणि सोमवारी त्याच मुलाच्या हातात आपण केलेले काम त्याचे म्हणून देतो. वेडावाकडा, डिंकाने बरबटलेला, पण मुलाने स्वतः केलेला तक्ता देवापुढे आणि माणसांपुढे अधिक शोभतो.

दुसरा अपाय मुलाच्या वाढीला होतो. शौल राजाने दावीदाला आपले चिलखत घातले, डोक्यावर आपले टोप ठेवले. राजाचे प्रेमच होते त्यात. ते पोर गल्याथापुढे उघडे जाऊ नये एवढीच त्याची इच्छा. पण दावीदाला चालता येईना. त्याने ते सर्व उतरवून ठेवले आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलले. शौलाची एक गोष्ट मात्र आम्हांस वाखाणावीशी वाटते. दावीदाने चिलखत उतरविले तेव्हा तो रागावला नाही. त्याने त्याला जाऊ दिले. आपण पुष्कळदा तेवढेही करीत नाही. आपल्याला ज्या परीक्षेत यश आले नाही तिचे चिलखत आपण मुलाच्या अंगावर चढवितो. आपल्या रीतीनेच गणित सुटले पाहिजे असा हट्ट धरतो. शाळेने शिकविलेली रीत निराळी असते आणि ते बिचारे दोन रीतींच्या मध्ये उभे राहून रडते.

आपल्या हुबळीतच ह्याच्या उलट वागलेली एक आई होऊन गेली. विख्यात गायिका गंगूबाई हनगल ह्यांच्या मातोश्री अंबाबाई. त्या स्वतः कर्नाटक संगीताच्या जाणकार गायिका होत्या. पण मुलीचा गळा हिंदुस्थानी संगीताकडे वळतो आहे असे पाहून त्यांनी काय केले? मुलीच्या कानावर दोन पद्धतींचे सूर पडून तिच्या शिक्षणात व्यत्यय येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचे कर्नाटक संगीत गाणे सोडून दिले. मुलीच्या शिक्षणासाठी १९२८ साली हे कुटुंब धारवाडहून हुबळीस आले, आणि पुढे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकावयास जाऊ लागल्या. पुष्कळ येत असूनही मुलासाठी मागे सरावयाचे, हे न येण्यापेक्षा कठीण. शिकलेल्या आईबापांनी हा त्याग शिकावा. पेन्सिल खाली ठेवणे हाही त्यागच आहे.

पण ह्याचा अर्थ असा नव्हे की, मुलाला मोकळे सोडून द्यावे. एलीला दोष लागला तो नेमका येथेच. त्याने शमुवेलाला नीट वाट दाखविली, पण स्वतःच्या मुलांना आवरले नाही. त्याच तिसऱ्या अध्यायात देवाने त्याला ह्याचा जाब विचारला आहे. गृहपाठाला वेळ ठरलेली असावी. त्या वेळी दूरदर्शन संच बंद असावा, आणि मुलाचाच नव्हे तर आपलाही मोबाइल बाजूला असावा. अमेरिकेतील हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांच्या गृहपाठातील सहभागाविषयी झालेल्या संशोधनांचा एकत्र आढावा घेऊन २००८ साली तो प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, सहभागाच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी अभ्यासाचे नियम घालून देणे ह्या प्रकाराचा मुलांच्या प्रगतीशी सर्वांत चांगला संबंध दिसतो. उत्तर सांगण्यापेक्षा वेळ राखणे अधिक उपयोगी. आपल्या आज्यांना हे संशोधनावाचून ठाऊक होते. दिवेलागणीला पाटी घेऊन बसलेच पाहिजे, हा त्यांचा नियम होता.

आता 'बारोस' म्हणजे चिरडणाऱ्या भाराविषयी. येथे मात्र खांदा दिलाच पाहिजे.

लहान मुलांच्या पाठीवरील भाराविषयी आपल्या देशात थोरांनी आवाज उठविला आहे. म्हैसूरनिवासी लेखक आर. के. नारायण ह्यांनी राज्यसभेतील आपले पहिले भाषण १९८९ साली केले ते शाळकरी मुलांच्या ओझ्याविषयीच. त्यानंतर प्राध्यापक यशपाल ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षण कसे द्यावे ह्यावर अहवाल दिला. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २०२० साली जे शालेय दप्तर धोरण जाहीर केले त्यात स्पष्ट म्हटले आहे की, दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. तिसरी ते पाचवीला आठवड्यातून फार तर २ तासांचा द्यावा. सहावी ते आठवीला दिवसाला फार तर १ तासाचा आणि नववीपासून पुढे दिवसाला फार तर २ तासांचा द्यावा. दप्तराचे वजनही मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे.

आपल्या घरी पहिलीतले लेकरू रात्री नऊ वाजता पेंगत पेंगत पाने भरीत असेल तर त्याला धपाटे घालण्यापूर्वी हे आकडे आठवा. त्याच्या वतीने ती पाने आपण भरू नयेत, आणि त्याला रडवूही नये. शाळेत जावे, शिक्षकांना सौम्यपणे भेटावे आणि सांगावे की, मुलाला इतका वेळ लागतो. शिक्षक आपला वैरी नव्हे. पुष्कळदा त्यांना ठाऊकच नसते, कारण आपण वही पूर्ण करून पाठवीत असतो.

दुसरा भार भाषेचा. हा आपल्या मराठी कुटुंबांचा खास भार आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना त्या काळच्या आठवणी आहेत. आज राज्यभाषा कन्नड आहे, आणि २०१५ च्या कायद्याने शाळांतून ती शिकणे आवश्यक झाले आहे. ह्याविषयी कुरकूर करण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी. एकोणिसाव्या शतकात ह्याच धारवाड भागात सरकारी शाळांतून मराठी चाले, आणि कन्नड घरातील मुलाला आपल्या आईला न येणाऱ्या भाषेत धडे घोकावे लागत. डेपुटी चन्नबसप्पा ह्यांनी त्या काळी कन्नड शाळांसाठी खटपट केली. म्हणजे आज जो भार आपल्या मुलांवर आहे तोच एके काळी आपल्या शेजाऱ्यांच्या मुलांवर होता. हे जाणणारा माणूस शेजाऱ्याच्या भाषेचा राग करणार नाही. आणि भाषा ही भिंत नव्हे ह्याचा पुरावा धारवाडातच आहे. द. रा. बेंद्रे ह्यांची घरची भाषा मराठी. पण ते कन्नडचे महाकवी झाले आणि ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले.

मग भाषेचा हा भार एकमेकांनी कसा वाहावा? येथे 'एकमेकांची' हा पौलाचा शब्द महत्त्वाचा आहे. तो एकट्या आईला उद्देशून लिहीत नाही. तो मंडळीला लिहितो. आपल्या मंडळ्यांत कन्नड उत्तम जाणणारी महाविद्यालयीन मुले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले बंधू आहेत. चर्चचा हॉल आठवड्यातून पाच दिवस कुलूपबंद असतो. त्यांपैकी दोन संध्याकाळी तो उघडा ठेवला, दोन दिवे लावले आणि तासभर मुलांना तेथे बसून गृहपाठ करू दिला तर खर्च किती येईल? उत्तरे सांगण्यासाठी कोणी नको. अडले तर विचारावयास कोणी असावे, एवढेच. शेजारच्या कन्नड घरातील मुलेही आली तर त्यांनाही बसू द्यावे. ज्या घरात एकच खोली आहे आणि तीत सहा माणसे आहेत, तेथील मुलाला तो तास म्हणजे मोठे दान होईल.

तिसरा भार भीतीचा. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल बापांना बजावतो की, मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खचून जातील. पौलाने हे बापांनाच का सांगितले असावे? दिवसभराचा थकवा आणि साहेबाचे बोलणे घेऊन घरी आलेल्या माणसाच्या हाती मुलाची वही पडली की त्या वहीवर पडणारा राग पुष्कळदा वहीतल्या चुकीचा नसतोच. ज्या दिवशी आपल्या मनात राग आहे त्या दिवशी वही हाती घेऊ नये. "आज मी थकलोय, उद्या बघू," असे सांगावे. शेजारच्या मुलाचे गुण आपल्या मुलापुढे वाचून दाखवू नयेत. पौल त्याच गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात सांगतो की, प्रत्येकाने आपल्याच कामाची पारख करावी. दुसऱ्याशी तुलना करून फुशारकी मारू नये. हे वचन मुलांच्या प्रगतिपुस्तकालाही लागू आहे.

संडे स्कूलच्या शिक्षकांना दोन शब्द. आपणही मुलांना घरी करावयास देतो : वचन पाठ करणे, चित्र रंगविणे, शास्त्रप्रश्नांची उत्तरे लिहून आणणे. बक्षिसाच्या दिवशी आपण काय मोजतो ते तपासून पाहा. सुंदर वह्यांना बक्षीस देत गेलो तर आईबाप वह्या लिहू लागतील, आणि शास्त्राच्या अभ्यासातूनच मूल लबाडी शिकेल. त्यापेक्षा मुलाला विचारावे, "ह्या गोष्टीत तुला काय आवडलं? काय कळलं नाही?" अडखळत सांगितलेल्या चार शब्दांना मान द्यावा. आणि जे मूल काहीच करून आणीत नाही त्याला सर्वांपुढे उभे करण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. त्याला बसावयास जागा कोठे आहे ते पाहावे.

शेवटी पुन्हा शिलोकडे. हन्नाने शमुवेलाला मंदिरात सोडले तेव्हा तिचे काम संपले असे तिने मानले नाही. शास्त्र सांगते की, ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. मंदिरातील सेवा मुलाची, झगा आईचा. तिने कधी त्याची सेवा केली नाही आणि कधी त्याला झग्यावाचून ठेवले नाही. आणि दरवर्षी शिवताना तिला विचार करावा लागत असेल की, ह्या वर्षी तो किती वाढला असेल. मागच्या वर्षीच्या मापाचा झगा ह्या वर्षी चालत नाही. पहिलीतल्या मुलाच्या शेजारी बसावे लागते. पाचवीतल्या मुलाकडे अधूनमधून डोकावावे लागते. नववीतल्या मुलाला "काही लागलं तर हाक मार," एवढे पुरते. ज्या आईबापांना आपल्या मुलाचे ह्या वर्षीचे माप ठाऊक आहे त्यांना आपला हात किती असावा हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

म्हणून आज संध्याकाळी दप्तर उघडले जाईल तेव्हा आपण मुलाजवळ बसू या. वही त्याच्या हातात राहू द्या. आपला हात त्याच्या पाठीवर असू द्या.

प्रार्थना : हे प्रभो, तू आमची ओझी वाहिलीस, पण आमच्या वतीने आमचा विश्वास धरला नाहीस, तो आम्हांलाच धरावयास शिकविलेस. आमच्या मुलांच्या शेजारी बसण्याची सहनशीलता आम्हांस दे. कोठे हात द्यावा आणि कोठे मागे घ्यावा, हे आम्हांस दाखीव. ज्या घरात आज कोणी मूल वहीपुढे एकटे रडत आहे त्या घराचे दार ठोठावण्यास आमच्यापैकी कोणाला तरी पाठीव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.